न झालेल्या कुस्त्या

(भरवेली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



गामा आणि खाशाबा जाधव यांची कुस्ती लागली असती, तर कोण जिंकलं असतं? पत्रिकेत विषय छापून आल्यापासून हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. तेव्हा उत्तर आधीच देऊन टाकतो. गामा जिंकला असता. १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबा ५७ किलोच्या गटात लढले. गामाचं वजन ऐन उमेदीत नव्वद किलोंच्या घरात होतं. एवढ्या फरकाची जोड आपल्या जत्रेतला पंचसुद्धा लावणार नाही, आणि लावलीच तर लोक आधी पंचाला हौद्याबाहेर काढतील.

प्रश्न निकालात निघाला. उरलेल्या वेळात हा प्रश्न आपल्याला सुचतो कसा आणि तो विचारताना आपण काय काय झाकून ठेवतो, त्याबद्दल बोलू. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमता, त्यांच्याविषयी अध्यक्षांनी माझ्यापेक्षा जास्त अधिकाराने सांगितलं आहे. त्यात मी भर घालत नाही. त्यांना तालमीचा नाद होता एवढं मला कळलं आणि त्यावरून आजचा विषय ठरला.

वेगवेगळ्या काळांतल्या पहिलवानांची मनातल्या मनात झुंज लावायची खोड साऱ्या जगाला आहे. अमेरिकेत आणि इंग्लंडात ती मुष्टियुद्धाच्या शौकिनांमध्ये सर्वांत जास्त. जॅक डेम्प्सी मोठा की जो लुई, लुई मोठा की मुहम्मद अली, यावर तिकडे शंभर वर्षं दारूच्या गुत्त्यांतून आवाज चढत आले आहेत. आपल्याकडे तोच आवाज तालमीच्या कट्ट्यावर चढतो. मारुती माने आणि सतपाल. हरिश्चंद्र बिराजदार आणि नरसिंग यादव. गणपतराव आंदळकर आणि आजचा कुठलाही गदाधारी. म्हातारे पहिलवान जुन्यांच्या बाजूने, पोरं नव्यांच्या बाजूने, आणि चहावाला ज्याची उधारी मोठी त्याच्या बाजूने.

पण आपल्याकडे या वादाला एक जुनी शिस्त होती, ती आपण विसरलो. जोड लावणं ही आपल्या कुस्तीतली स्वतंत्र विद्या आहे. जत्रेच्या फडात सकाळपासून पंच मंडळी बसलेली असतात. पोरं उघड्या अंगाने येऊन उभी राहतात. पंच नुसत्या नजरेने अंगलट जोखतात: मान किती भरली आहे, मांडी किती आली आहे, कान मोडले आहेत का. मग तालीम कुठली, वस्ताद कोण, गेल्या साली कुणाशी लागली होती, किती मिनिटं चालली होती, ही चौकशी. त्यानंतर इनाम ठरतं. रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत हाच क्रम. जोड चुकली तर कुस्ती एकतर क्षणात संपते, नाहीतर तासभर नुसती खडाखडी चालते आणि लोक टोप्या उडवण्याऐवजी ढेकळं उडवतात. म्हणून निकालाची निम्मी जबाबदारी जोड लावणाऱ्याची, असं जाणते वस्ताद मानत आले.

ही शिस्त काल्पनिक जोडीला लावा. पंचाचा पहिला प्रश्न येईल: कुठे लढायचं? मातीत की मॅटवर? दुसरा: किती वेळ? तिसरा: निकाली की गुणांवर? ही तीन उत्तरं मिळाली की बहुतेक वाद तिथेच मिटतात, कारण जो जागा आणि नियम ठरवतो त्याने विजेताही ठरवलेला असतो. फक्त ते तो कबूल करत नाही.

याचा पुरावा कल्पनेत शोधायची गरज नाही. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची लढत झाली. मॅटवर, पाश्चात्त्य पद्धतीने. गामाची उंची साडेपाच फुटांच्या थोडी वर. झिबिस्को त्याच्यापेक्षा बराच जड आणि अनुभवाने मुरलेला. त्याने ओळखलं की उभ्याने या माणसापुढे आपला निभाव लागणार नाही. मग तो पोटावर पडला, आणि अडीच तासांहून जास्त वेळ जवळजवळ तसाच पडून राहिला. गामा ओढतोय, उलटवायला बघतोय, आणि हा धोंड्यासारखा जमिनीला चिकटलेला. लढत अनिर्णित सुटली. आठवड्याने पुन्हा भेटायचं ठरलं, तेव्हा झिबिस्को आलाच नाही. विजेत्याचा जॉन बुल पट्टा गामाला मिळाला.

मग १९२८. पटियाळाच्या महाराजांनी दोघांची गाठ पुन्हा घालून दिली. माणसं तीच. दोघंही पन्नाशीच्या आसपास. या वेळी जागा मात्र आपली, मातीची, आणि कुस्ती निकाली. एक मिनिटाच्या आत झिबिस्को चीत.

तीच दोन शरीरं. अठरा वर्षांपूर्वी अडीच तासांत ज्याचा निकाल लागला नाही, तो आता काही सेकंदांत लागला. वयाचा परिणाम म्हणावा तर वय दोघांचंही वाढलं होतं. बदलली होती ती जागा, आणि ‘पडून राहिलो तरी चालेल’ ही सवलत. आता मला सांगा, एकाच जोडीचा निकाल आपण दोन वेळा सारखा लावू शकत नाही, तर १९२८ चा गामा आणि २०१५ चा कुणी मल्ल यांचा कसा लावणार?

इथल्या माणसांना हे माझ्यापेक्षा लवकर पटेल. या गावाखाली आशियातली सर्वांत खोल मँगनीजची भूमिगत खाण आहे. १८९६ साली एक सिंडिकेट निघालं, त्यातून पुढे इंग्रज कंपनी आली आणि १९६२ साली आजची मॉयल कंपनी झाली. घण-पहार घेऊन काम करणारा कंपनीच्या काळातला गडी मोठा की आज ड्रिल मशीन चालवणारा, असा प्रश्न तुमच्या घराघरांतून आजोबा-नातवांमध्ये झाला असेल. दोघांचं माप एका टोपलीने घेता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिलवानांची गोष्ट आली की मात्र आपण टोपली शोधायला लागतो.

आता एक उलटं उदाहरण देतो, नाहीतर माझं म्हणणं फार सोपं होईल. ‘मातीतला मल्ल मॅटवर मार खातो’ असं एक वाक्य आपल्याकडे तोंडपाठ झालं आहे. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य जिंकलं. गणपतराव आंदळकरांनी नेमकं उलट केलं, ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात घालायला बंदी. पायाचा उपयोग डावासाठी करायलाही बंदी. म्हणजे एकेरी पट गेला, दुहेरी पट गेला, टांग गेली. कोल्हापूरच्या तालमीत ताक, तेल, हळद घालून मळलेल्या मातीत पहाटे उठून जे घोटलं, त्यातलं निम्मं बाहेर काढून ठेवा, असं पंच सांगतोय, आणि आंदळकर उरलेल्या निम्म्यावर आशियात पहिले येतात. तेव्हा नियम बदलले की सगळं बदलतं असंही नाही. काही माणसांना नियम आडवे येत नाहीत. असे थोडे असतात. काल्पनिक जोडी लावायचीच असेल तर मी आधी त्यांची नावं घेईन. माझी निवड आंदळकर.

मुष्टियुद्धात नियमांचा हा खेळ आणखी स्पष्ट दिसतो, कारण तिथे सगळं घड्याळावर आणि गुणपत्रिकेवर उतरलेलं आहे. रॉकी मार्सियानो हा अजिंक्य राहिलेला जगज्जेता. ४९ लढती, ४९ विजय. त्याला विजेतेपद मिळालं ते २३ सप्टेंबर १९५२ ला, जर्सी जो वॉलकॉटला हरवून. त्या रात्री बाराव्या फेरीपर्यंत तिन्ही पंचांच्या कागदावर मार्सियानो मागे होता. तेराव्या फेरीत त्याचा एक उजवा ठोसा बसला आणि वॉलकॉट दोरांपाशी कोसळला. तेव्हा विजेतेपदाची लढत पंधरा फेऱ्यांची असे. नोव्हेंबर १९८२ मध्ये डक कू किम हा कोरियन मुष्टियोद्धा लढतीतल्या मारामुळे दगावला आणि त्यानंतर फेऱ्या बारावर आल्या. मार्सियानोची ती लढत आजच्या नियमाने झाली असती, तर बाराव्या फेरीची घंटा वाजल्यावर वॉलकॉटचा हात वर गेला असता. ४९ चा आकडा तिथेच फुटला असता. उद्या कुणी मार्सियानो आणि आजचा एखादा विजेता यांची जोड लावू लागला, तर पहिल्यांदा विचारा: फेऱ्या किती?

याच मार्सियानोच्या नावावर जगातली सर्वांत प्रसिद्ध खोटी लढत आहे. तिची हकीकत जरा सावकाश सांगतो, कारण आजच्या विषयाचं सगळं मर्म तिच्यात आहे.

मायामीत मरी वोरोनर नावाचा रेडिओ निर्माता होता. १९६७ साली त्याने जुन्या-नव्या हेवीवेट विजेत्यांची स्पर्धा रेडिओवर लावली. मुष्टियुद्धाच्या जाणकारांकडून प्रत्येकाच्या वेगाबद्दल, ताकदीबद्दल, मार सोसण्याबद्दल मतं मागवली. ती एनसीआर ३१५ या संगणकात भरली. संगणकाने निकाल काढले आणि निवेदकाने ते खऱ्या लढतीसारखे वाचून दाखवले. उपांत्यपूर्व फेरीत संगणकाने मुहम्मद अलीला जुन्या काळच्या जिम जेफ्रीजकडून हरवलं. अलीने बदनामी झाली म्हणून दहा लाख डॉलरचा दावा लावला. काल्पनिक पराभवाबद्दल खराखुरा खटला! आपल्याकडे अशी प्रथा असती तर कोल्हापूरच्या कोर्टात दुसरं काम उरलं नसतं.

खटला मिटला तो अली आणि मार्सियानो यांनी वोरोनरसाठी पडद्यावर लढायचं, या बोलीवर. १९६९ साली मायामीच्या एका स्टुडिओत हे चित्रीकरण झालं. मार्सियानो तेव्हा पंचेचाळिशीचा. तेरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. त्याने वजन उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप चढवला. अली सत्तावीस वर्षांचा. दोघं एकेक मिनिटाच्या सत्तरेक फेऱ्या लढले. शेवट निरनिराळे चित्रित केले आणि कोणता वापरणार ते दोघांनाही सांगितलं नाही. ऑगस्टअखेर विमान अपघातात मार्सियानो गेला. चित्रपट लागला तो २० जानेवारी १९७० ला, एकाच रात्री शेकडो चित्रपटगृहांत. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी तेराव्या फेरीत अलीला पडताना पाहिलं. तेरावी फेरी, हे लक्षात घ्या. वॉलकॉट पडला तीच. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मात्र मार्सियानोच्या जखमांमुळे लढत थांबते आणि अली जिंकतो. संगणक एक, निकाल दोन, आणि दोन्ही तिकीट काढणाऱ्यांच्या आवडीचे. हा संगणक अलाबामात बनला असणार, असा टोला अलीने मारल्याचं सांगतात.

आपल्या भाषेत याला नुरा कुस्ती म्हणतात. हरायचं कुणी हे आधी ठरलेलं, फक्त प्रेक्षकाला माहीत नाही.

पण मला या प्रकरणात संगणकाच्या लबाडीपेक्षा दुसरीच गोष्ट टोचते. अली त्या वर्षी स्टुडिओत खोटी लढत का लढत होता? एप्रिल १९६७ मध्ये त्याने व्हिएतनामच्या लढाईसाठी सैन्यात जायला नकार दिला. विजेतेपद गेलं, परवाने गेले, साडेतीन वर्षं त्याला कुठल्याही खऱ्या रिंगणात उतरू दिलं नाही. तो सत्तावीस वर्षांचा होता, अंगात ताकद होती, समोर जो फ्रेझियर उभा होता. खरी जोड तयार होती. ती सरकारने आणि मुष्टियुद्ध मंडळांनी अडवली. म्हणून लोकांना निवृत्त माणसाशी लावलेली कचकड्याची जोड विकली गेली. अली आणि फ्रेझियर भेटले ते मार्च १९७१ मध्ये. तोवर अलीच्या पायांतला जुना वेग ओसरला होता, असं त्याला जवळून पाहणारे सांगत.

काळ पहिलवानांना एकमेकांपासून दूर ठेवतो, असं आपण म्हणतो. तो ठेवतोच. पण एकाच काळात, एकाच शहरात असलेल्या माणसांना माणसांनी एकमेकांपासून दूर ठेवलं, अशा कुस्त्या कितीतरी आहेत. त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. कल्पनेतल्या जोडीत कुणाला दोष द्यावा लागत नाही, म्हणून ती गोड लागते.

जॉन एल. सुलिव्हन हा अमेरिकेचा लाडका विजेता. त्याच्या काळात पीटर जॅक्सन नावाचा काळा मुष्टियोद्धा होता. अनेक जाणकारांच्या मते तोच त्या काळचा सर्वश्रेष्ठ. सुलिव्हनने काळ्या माणसाशी लढायला सरळ नकार दिला. पुढे १९०८ मध्ये जॅक जॉन्सन विजेता झाला आणि गोऱ्या अमेरिकेचा जीव कासावीस झाला. मग सहा वर्षं घरी बसलेल्या जेफ्रीजला आणून उभं केलं. म्हणजे ही खरीच दोन काळांची झुंज. ४ जुलै १९१० ला रेनो शहरात जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत संपवलं. त्या रात्री अमेरिकेच्या कितीतरी शहरांत गोऱ्यांनी काळ्यांवर हल्ले केले. नंतर त्याच जॉन्सनने विजेता असताना सॅम लँगफर्डला विजेतेपदाची संधी दिली नाही. लँगफर्डही काळा होता आणि धोकादायक होता. शिवाय दोन काळ्यांच्या लढतीला गर्दी किती, हा हिशेब होताच. १९२० च्या दशकात डेम्प्सी आणि हॅरी विल्स यांची जोड वर्षानुवर्षं गाजली, करारही झाले, लढत कधीच झाली नाही.

१९१० हे साल विसरू नका. रेनोनंतर दोनच महिन्यांनी गामा लंडनमध्ये होता. स्पर्धेत घ्यायला उंची कमी पडते, असं त्याला सांगितलं गेल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. म्हणून त्याने कुणीही या, कितीही वजनाचा या, असं जाहीर आव्हान टाकलं. अमेरिकेचा बेंजामिन रोलर आला आणि पडला. झिबिस्को आला आणि पडून राहिला. जगज्जेता म्हणून मिरवणारा फ्रँक गॉच मात्र आला नाही. दुसरा नामांकित मल्ल हॅकनश्मिट, तोही आला नाही. गामा आणि गॉच दोघं एकाच वेळी उमेदीत होते. आज परदेशी कुस्तीप्रेमी ‘गामा की गॉच’ म्हणून जो काल्पनिक वाद घालतात, तो वाद आहे कारण १९१० साली एका बाजूने मैदानात उतरायचं टाळलं.

आणि आता आपल्या अंगणात येऊ. परदेशाला नावं ठेवून टाळ्या मिळवणं सोपं असतं.

१९५४. हमीदा बानू नावाची अलीगढची पहिलवान स्त्री. जो मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन, असं तिचं आव्हान होतं, आणि बरेच जण हरून गेले होते. त्या मे महिन्यात बडोद्यात बाबा पहिलवानाला तिने दीड मिनिटाच्या आसपास चीत केलं. त्याआधी ठरलेला छोटे गामा बाईशी लढणार नाही म्हणून मागे फिरला होता. हे बडोद्याचं झालं. कोल्हापुरात तिने एका पुरुष मल्लाला हरवलं तेव्हा लोकांनी तिला दगड मारले आणि पोलिसांना मध्ये पडावं लागलं. कुस्तीची पंढरी म्हणून ज्या गावापुढे आपण मान लववतो, त्या गावातले दगड. पुण्यात रामचंद्र साळुंखे या पहिलवानाशी तिची जोड ठरली होती. कुस्ती संघटनेचा विरोध झाला आणि ती रद्द झाली. मुंबई राज्यात कुस्त्यांना आडकाठी होते म्हणून तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे दाद मागितली. आपण स्त्री आहात म्हणून बंदी नाही, लुटुपुटूचे प्रतिस्पर्धी उभे केले जातात अशा तक्रारी आहेत, असं उत्तर आलं. हमीदाच्या कुस्त्या सगळ्या खऱ्या होत्या का? शंका घ्यायला जागा आहे. पण शंका मिटवायचा उपाय आपल्या परंपरेत एकच आहे: चांगली जोड लावा आणि निकाली लढवा. पुण्यात तीच संधी आली होती. ती घालवून मग शंका घ्यायची, हा पंचाचा धर्म झाला नाही.

खाशाबांचीही एक न झालेली कुस्ती आहे, आणि ती गामाशी नाही. सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचा हा पोरगा १९४८ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावा आला. १९५२ ला जायला पैसे नाहीत. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे मल्ल त्यांनी काढले. जपानच्या शोहाची इशीईशी लढत पूर्ण वेळ चालली, आणि तेव्हा पूर्ण वेळ म्हणजे १५ मिनिटं. खाशाबा थोडक्यात हरले. अंग मोडून आलेलं, आणि लगेच पुकारा झाला: सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवशी आता लढा. मधे अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता. तो दाखवून भांडायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असं खाशाबांच्या हकीकतीत सांगितलं जातं. ते तसेच उतरले आणि हरले. इशीईला सुवर्ण, मामेदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पुढचं कुस्तीतलं पदक सुशील कुमारने २००८ ला आणलं, छप्पन्न वर्षांनी.

आता जोड लावायची असेल तर ही लावा: दमलेले खाशाबा आणि अर्धा तास बसून, पाणी पिऊन, मालिश करून उठलेले खाशाबा. या दोघांमध्ये पिढ्यांचं अंतर नाही, तीस मिनिटांचं आहे. जिंकलेच असते असं मी म्हणणार नाही. मामेदबेयोव साधा गडी नव्हता. पण गामा आणि खाशाबांच्या कुस्तीवर आपण जेवढा घसा फोडतो, त्याचा चौथा हिस्सा या तीस मिनिटांवर फोडला असता, तर पुढच्या पथकांबरोबर नियम वाचता येणारा एक माणूस तरी आपण आग्रहाने पाठवला असता.

खऱ्या अर्थाने दोन काळांच्या झुंजी होतात, नाही असं नाही. पण त्यांची गंमत लवकर सरते. १९५१ मध्ये मार्सियानोने जो लुईला आठव्या फेरीत पाडलं. लुई सदतीस वर्षांचा होता आणि कर फेडण्यासाठी लढत होता. १९८० च्या जानेवारीत अली दिल्लीला आला, सैन्यातल्या कौर सिंगशी प्रदर्शनी लढत खेळला, आपली माणसं हरखून गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात लॅरी होम्सने त्याला अकराव्या फेरीला उठूच दिलं नाही. होम्स एके काळी अलीलाच सराव द्यायला रिंगणात उतरत असे. अशा लढतीत एक जण नेहमी म्हातारा असतो. आपल्याकडे रहीम सुलतानीवाला आणि गामा यांच्यात थोडं असंच होतं. थोरला रहीम आणि कोवळा गामा, कुस्त्या पुन्हा पुन्हा बरोबरीत सुटल्या, आणि शेवटी अलाहाबादेत गामाने जिंकली तेव्हा रहीमचा काळ सरला होता. बरोबरीत सुटलेल्या त्या पहिल्या कुस्त्या मात्र पाहण्यासारख्या असतील.

तुमच्या गावाशी संबंधित एक न झालेली जोड सांगितल्याशिवाय मला इथून जाता येणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तुमचा बालाघाट जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्याआधी मध्य प्रांतात बालाघाट नागपूर विभागातच होतं. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. गोंदियाचा पोरगा त्या गदेसाठी दंड थोपटू शकतो. चाळीसेक किलोमीटर अलीकडे राहणारा, तीच बोली बोलणारा पोरगा नाही. तिकडे बेळगावकडेही रेघ अशीच ओढली गेली. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे एकसंब्याचे. ते गाव आज कर्नाटकात. पण त्यांना कोल्हापूरची शाहूपुरी तालीम जवळ होती आणि १९५९ साली दिल्लीत ते देशात पहिले आले. बालाघाटला जवळ कोल्हापूर नव्हतं. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या खाणीच्या वस्तीतून, शेजारच्या गावांतून किती चांगले गडी निघाले आणि सीमेपलीकडच्या कुठल्या गड्याशी त्यांची जोड लागायला हवी होती, याची यादी कुणाकडे नाही. आजोबा की नातू हा वादसुद्धा इथे नीट घालता येत नाही, कारण आजोबांच्या कुस्तीची नोंद नाही.

म्हणून एक मागणी करून थांबतो. जाकार्ताचे, हेलसिंकीचे कागद जगाने जपले. आपल्या फडांचे कागद इनामाची पाकिटं वाटली की संपतात. या वर्षीपासून इथल्या दंगलीला एक वही ठेवा. दोन्ही मल्लांची नावं, गाव, वय, काट्यावर केलेलं वजन, वस्तादाचं नाव, किती मिनिटं लागली, कोणत्या डावावर निकाल झाला. मुली लढत असतील तर त्यांचीही त्याच वहीत, त्याच रकान्यांत. आणि शेवटी एक पान ठरून न झालेल्या कुस्त्यांसाठी ठेवा. जोड कुणी मोडली, का मोडली, ते त्या पानावर सहीनिशी लिहा. वही खाणीच्या वाचनालयात ठेवायची की पंचायतीत, ते तुम्ही ठरवा. पहिल्या वहीचे आणि काट्याचे पैसे मी आज अध्यक्षांकडे देऊन जातो.